औषधीची भूमी जिवंत आहे काय?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूमिप्रविभागीय हा स्वतंत्र अध्याय आहे. खड्डे, खडी, वारूळ, स्मशान यांनी युक्त नसलेली, स्निग्ध, मृदू, स्थिर व जवळ पाणी असलेली भूमी औषधिग्रहणासाठी त्यात प्रशस्त मानली आहे. पदवी-अभ्यासक्रमात आम्ही तो परीक्षेपुरता पाठ केला. आज अश्वगंधेचे पोते उघडताना आम्ही मुळाची जाडी पाहतो, ओल पाहतो, भाव विचारतो. मातीची विचारपूस करीत नाही.

माती म्हणजे केवळ खनिजांचा चुरा नव्हे. बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांशी बुरशीचे सूक्ष्म तंतू सहजीवन करतात. मूळ जेथे पोहोचत नाही तेथील स्फुरद ते आणून देतात व मोबदल्यात शर्करा घेतात. वारंवार खोल नांगरट केली की हे तंतू तुटतात. स्फुरदयुक्त खताचा भडिमार झाला की वनस्पतीला त्या बुरशीची गरज उरत नाही व ती क्षीण होते. गांडुळांच्या बिळांतून हवा-पाणी खाली उतरते, तीही नांगराने मोडतात. जिवंत मातीतील मूळ हटकून अधिक गुणकारी, असे सरसकट विधान आम्ही करणार नाही. परंतु मूळ हेच ज्यांचे औषधी अंग, त्या द्रव्यांबाबत हा प्रश्न गौण मानता येत नाही.

वनातील माल तेवढा निर्दोष, ही समजूतही तपासावी. निव्वळ सागाच्या लागवडीत पालापाचोळा उन्हाळी वणव्यात जळतो आणि पावसाळ्यात रुंद पानांवरून पडणारे टपोरे थेंब उघड्या मातीचा वरचा सजीव थर वाहून नेतात. हा दोष वनव्यवस्थेचा म्हणता येईल. दशमुळाचे काय? बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला, गंभारी या वृक्षांची मुळे खणली की वृक्ष जातो, आणि त्या मुळांवर जगणारी बुरशीही. ती मागणी आपलीच आहे.

नीमचच्या मंडईत अनेक शेतांचा माल एकत्र होतो, तेथे मातीची माहिती कोण देणार, असे फार्मसीचालक म्हणतील. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच प्रारंभ एकाच द्रव्यापासून, समजा शतावरीपासून, करावा. दोन-तीन शेतकऱ्यांशी थेट करार करून नांगरट किती, खत कोणते, आच्छादन ठेवले काय, एवढेच लिहून घ्यावे. शेणखत व आच्छादन वापरणाऱ्यास किलोमागे अधिक भाव द्यावा लागेल. तो चूर्णाच्या किमतीत उतरला तर आम्ही वैद्यांनी कुरकुर करू नये.