अपघाताची भरपाई : हक्क आणि कागद

शेतावर अपघात झाला म्हणजे गावात दोन उद्गार हमखास ऐकू येतात. ‘नशिबात होते’ हा पहिला आणि ‘सरकार काही देईल का?’ हा दुसरा. माझ्या मते या दोहोंनी शेतकऱ्याचे नुकसानच होते. पहिल्यामुळे मागणीच केली जात नाही आणि दुसऱ्यामुळे हक्काची रक्कम दानासारखी वाटू लागते.

ओझर व कुकडीकाठची गावे बागायतीची आहेत. येथे विजेचे पंप, ट्रॅक्टर, मळणीयंत्रे व औषधफवारणी नित्याची आहे. उसाच्या फडात बिबट्याचे वास्तव्य आहे आणि विघ्नहराच्या दर्शनासाठी येणाऱ्या वाहनांची वर्दळही आहे. अपघात जितक्या प्रकारचे, तितकी भरपाईची दारे निराळी. म्हणून कोणते दार कोठे आहे, हे आधीच माहीत असावे.

पहिले दार कृषी खात्याचे. पूर्वी शेतकऱ्यांसाठी अपघात विमा होता. परंतु विमा कंपन्यांच्या त्रुटी व हरकतींमुळे अनेक दावे अडत. म्हणून १९ एप्रिल २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना सुरू झाली. सर्पदंश, विजेचा धक्का, वीज पडणे, पाण्यात बुडणे, कीटकनाशकाची विषबाधा, रस्ता अपघात इत्यादींचा तीत समावेश आहे. मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये व एक डोळा किंवा एक अवयव गमावल्यास १ लाख रुपये मिळतात. १० ते ७५ वर्षे वयाचा खातेदार शेतकरी आणि कुटुंबातील खातेदार नसलेली एक व्यक्ती यांना हा लाभ आहे.

दुसरे दार वन खात्याचे. बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास २५ लाख, कायमचे अपंगत्व आल्यास साडेसात लाख आणि गंभीर जखम झाल्यास ५ लाख रुपये, असे दर २०२३ साली ठरविण्यात आले.

तिसरे दार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे. वाहनाने धडक दिली असता भरपाईची मागणी येथे करावयाची असते. वाहन पळून गेले व त्याचा शोध लागला नाही, तरीही मृत्यूस २ लाख व गंभीर दुखापतीस ५० हजार रुपयांची तरतूद आहे.

चौथे दार मजुराचे, आणि येथे देणारा स्वतः शेतकरी असतो. ट्रॅक्टर वा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या शेतीकामात मजुराचा हात गेला, तर कायद्यान्वये मालकावर भरपाईची जबाबदारी येते. थोडे पैसे देऊन अंगठा घेतला की प्रकरण मिटले, ही समजूत चुकीची आहे. आपल्यासाठी हक्क मागणाऱ्याने मजुराचा हक्कही मानला पाहिजे.

या सर्व दारांची किल्ली एकच : वेळेवर झालेला कागद. साप चावलेल्या माणसास मांत्रिकाकडे नेले, तर जीव धोक्यात येतोच, शिवाय उपचाराची नोंदही राहत नाही. रुग्णालयात नेल्यास जीव वाचण्याची आशा असते आणि पुरावाही तयार होतो. शवविच्छेदनास नकार, पोलिसांत खबर न देणे, पंचनाम्यात कारण मोघम लिहिणे यांमुळे खरा दावाही लंगडा पडतो. बिबट्याच्या हल्ल्याची खबर वन खात्यास विलंब न करता द्यावी.

कृषी खात्याच्या योजनेचा प्रस्ताव ३० दिवसांत द्यावा लागतो. त्यातील पहिले तेरा दिवस सुतकात जातात. घरचा कर्ता गेलेला असतो आणि सातबारा कोठे ठेवला आहे, हे पुष्कळदा पत्नीला ठाऊक नसते. अशा घराने कार्यालयाचे उंबरठे झिजवावेत, ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यानेच त्या घरी जावे, कागदांची यादी समजावून द्यावी व प्रस्ताव स्वतः पुढे न्यावा. बियाणे व खतांची माहिती देण्याइतकेच हे विस्तारकार्य आहे.

शेतकरी बंधूंनीही सातबारा, आधार व बँकेचे पुस्तक एका ठिकाणी ठेवून ती जागा घरातील स्त्रियांना दाखवावी. गेलेला माणूस कोणत्याही रकमेने परत येत नाही; परंतु वेळीच केलेल्या कागदाने मागे राहिलेल्यांची जमीन सावकाराकडे जाण्यापासून वाचू शकते.