चाचणीला आपण, औषधाला कोण?

४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते 'नेक्सकार-१९' या उपचाराचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच रक्तातील पेशींना कर्करोगाविरुद्ध लढायला शिकवणारा हा पहिला भारतीय बनावटीचा उपचार. लोकार्पण एका आदिवासी महिलेच्या हातून झाले, याचा आनंद आम्हालाही झाला. पण सुरगाणा-पेठच्या आदिवासीपर्यंत, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या मजुरापर्यंत हा उपचार पोहोचणार कसा, हा प्रश्न आम्हाला तेव्हाही पडला आणि आजही पडतो.

आजार आहे लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. मानेत, काखेत, जांघेत गाठी येतात, ताप येतो, वजन उतरते. आपल्याकडे गाठ दिसली की पहिला संशय क्षयाचा. अनेकदा गाठीचा तुकडा न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि त्यात महिने निघून जातात. खरा आजार कळतो तेव्हा तो पोटापर्यंत, हाडापर्यंत गेलेला असतो. तरीही केमोथेरपीने यातले बरेच रुग्ण बरे होतात, हे आवर्जून सांगितले पाहिजे. खरी अडचण त्यांची, ज्यांचा आजार केमोला दाद देत नाही किंवा उलटून येतो.

त्यांच्यासाठी हा उपचार आहे. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील टी-पेशी वेगळ्या करतात. निकामी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्या पेशींत नवा जनुक घालतात. मग त्या पेशी कर्करोगी पेशींवरची 'सीडी-१९' ही खूण ओळखू लागतात. त्यांची संख्या प्रयोगशाळेत वाढवून त्या परत शिरेतून देतात. अमेरिकेत लिम्फोमासाठी २०१७ साली आलेल्या अशा औषधाची किंमत होती ३ लाख ७३ हजार डॉलर. आयआयटीचे प्रा. राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी हेच काम मुंबईत करून दाखवले. ४ जून २०२१ रोजी टाटाच्या खारघर केंद्रात पहिल्या रुग्णाला पेशी दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. चाचणीत ६४ रुग्ण होते. ज्यांचा परिणाम मोजता आला अशा ५१ पैकी ३७ जणांना, म्हणजे ७३ टक्क्यांना गुण आला, असे मार्च २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटोलॉजी'त प्रसिद्ध झाले. उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही झाले. गुण आला म्हणजे सगळे कायमचे बरे झाले असे नव्हे. पण ज्यांच्यापुढे फारसा मार्गच उरला नव्हता त्यांच्या बाबतीत हा आकडा लहान नाही.

आता 'चाचणी' हा शब्द. आपल्या वस्तीत तो उच्चारला की माणसे बिचकतात. बिचकायला कारण आहे. २००९-१० साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना एचपीव्ही लस दिली गेली. काही मुलींचे मृत्यू झाले. त्यांचा लसीशी संबंध सिद्ध झाला नाही हे खरे, पण संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघड झाले आणि संसदीय समितीने २०१३ साली कडक ताशेरे ओढले. आदिवासी मुलीच्या बापाची सही कोणाला गरजेची वाटली नाही, एवढे त्यातून कळले.

कर्करोगाच्या या चाचण्यांना खम्ममच्या माळेत ओवणे मात्र चूक ठरेल. घाबरून दूर राहिलो तर नुकसान आपलेच. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीत सहभागी होणाऱ्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळाली पाहिजे, केव्हाही बाहेर पडता आले पाहिजे आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट झाले पाहिजेत. सही करण्याआधी कागद घरी आणून शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. डॉक्टर रागावतील ही भीती सोडा.

चाचणी संपून औषध बाजारात आले की खरी भिंत उभी राहते. 'नेक्सकार'ची किंमत परदेशाच्या एक-दशांश, असे कौतुक झाले. ते रास्तही आहे. पण हा एक-दशांश म्हणजे ३० ते ४० लाख रुपये! रोज ५०० रुपये मजुरी आणि वर्षाला ३०० दिवस काम धरले, तरी ३० लाखांसाठी वीस वर्षे राबावे लागेल, तेही एक दाणा न खाता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे. शिवाय पेशी दिल्यावर तीव्र ताप येऊ शकतो, रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून रुग्णाला काही आठवडे रुग्णालयाजवळच राहावे लागते. नाशिकहून गेलेल्या मजुराने मुंबईत राहावे कुठे? परळच्या फुटपाथवर? दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे म्हणून कित्येकांची अब्रू राखली गेली. पण धर्मशाळेने सरकारचे काम किती दिवस करायचे?

आणि हे औषध कोणा शेठजीच्या एकट्याच्या पैशातून उभे राहिलेले नाही. आयआयटी सरकारी, टाटा मेमोरियल केंद्राच्या अणुऊर्जा विभागाखालचे. माणसांवरील पहिल्या चाचणीसाठी जैवतंत्रज्ञान विभाग आणि बायरॅक यांनी १९ कोटी १५ लाख रुपये मंजूर केले. काडेपेटीवर कर भरणाऱ्या बाईचाही त्यात वाटा आहे. त्यामुळे आम्ही दया मागत नाही. अवयव प्रत्यारोपणासारख्या महागड्या उपचारांसाठी राखीव निधी ठेवण्याचे राज्य सरकारने २०२५ मध्ये ठरवले. त्या यादीत कार-टी उपचार आणि रुग्णाच्या नातेवाइकाचा मुंबईतला मुक्काम, दोन्ही नावानिशी असले पाहिजेत. ज्यांच्या नावाने योजना चालते त्या जोतिरावांनी यापेक्षा कमी मागितले नसते.

आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकलाच आहे. १९९८ पासून राज्यभरचे डॉक्टर त्याच्या पदव्या घेऊन बाहेर पडतात. मानेवरच्या गाठीला गोळ्या लिहिण्याआधी तिचा तुकडा तपासायला पाठवा, एवढे तरी त्याने ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांच्या मनावर बिंबवावे. त्याला तीस लाख लागत नाहीत. आणि हा उपचार आजवर किती जणांना सरकारी खर्चाने मिळाला, किती जणांनी जमीन विकून घेतला, हा हिशेब आरोग्य खात्याने जिल्हावार जाहीर करावा. सुरुवात नाशिकपासून केली तरी चालेल.