टो-प्लेन म्हणजे नुसतं इंजिन नव्हे!

रेडिओ कंट्रोलवाल्या मंडळींचा एक लाडका समज आहे. मोठं मॉडेल घ्या, शंभर सीसीचं पेट्रोल इंजिन बसवा, शेपटाला हुक लावा... झालं ग्लायडर ओढणारं टो-प्लेन तयार! साफ चूक.

पायपर पॉनीचंच घ्या. १९५०च्या दशकात फ्रेड वाइकने हे विमान पिकांवर औषध फवारायला बनवलं. ओझं घेऊन कमी वेगात निमूटपणे चढायचं, हे त्याचं काम. म्हणूनच पुढे ते ग्लायडर ओढायलाही जुंपलं गेलं. पंखांची लांबी ११ मीटर. एक तृतीयांश मॉडेल केलं तरी साडेतीन मीटरच्या वर जाते.

आता खऱ्या पॉनीचा हुक शेपटाला असतो, म्हणून आमचे 'स्केल'वाले म्हणतात मॉडेललाही तिथेच हवा. का? तर फोटोत छान दिसतं! अहो, मागचं ग्लायडर जरा जास्त वर गेलं की दोरी शेपूट उचलते आणि नाक खाली जातं. मग एलेव्हेटर कितीही ओढा, ढिम्म फरक नाही. हुक पाठीवर, पंखाच्या मागच्या कडेजवळ ठेवा. तीच ओढ गुरुत्वमध्याच्या जवळ येते, शेपूट मोकळं राहतं. आणि दोरी सोडायचा सर्व्हो दोन्ही विमानांत हवाच. तिथे काटकसर नको.

कौतुक ग्लायडरचंच होणार, मान्य. बॅकएंडवाल्यांना याची सवय असते :) पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी सहा महिन्यांच्या सुट्ट्या लटकलेल्या असतात. त्या आपल्या फोटोपायी मातीत घालायचा हक्क आपल्याला कुणी दिला?