काफर कोणाला म्हणावे?

वसतिगृहात एका रात्री गप्पा रंगल्या होत्या. बोलता बोलता एका मित्राने मला विचारले, "तुम्ही लोक आम्हाला काफर म्हणता ना?" त्याच्या स्वरात राग नव्हता. परंतु मला उत्तर देता आले नाही. ज्या शब्दाचा जाब मला विचारला जात होता, त्याचा अर्थ मलाच ठाऊक नव्हता!

सुट्टीत अब्बांना विचारले. त्यांना अक्षरओळख नाही. ते एवढेच म्हणाले, "आपल्या घरात हा शब्द कधी ऐकलास का?" खरोखरच ऐकला नव्हता.

मग ग्रंथालय गाठले. अरबीत क-फ-र या धातूचा मूळ अर्थ झाकणे. सत्य झाकतो, नाकारतो तो काफिर. मराठीत त्याचे 'काफर' झाले. कुराणात 'कुफ्र' हा 'शुक्र' म्हणजे कृतज्ञतेच्या विरुद्धही येतो. ५७ व्या सूरेच्या २० व्या आयतीत तर 'कुफ्फार' या शब्दाचा अर्थ अनेक भाष्यकार शेतकरी असा करतात, कारण शेतकरी बी मातीत झाकतो. ते वाचताना तिफणीमागे चालणारे अब्बा डोळ्यांपुढे आले.

पण केवळ व्युत्पत्ती सांगून हात झटकणे मला पटत नाही. कुराणात काफिरांविषयी कठोर शब्द आहेत, आणि माणसांनी या शब्दाचे हत्यारही केले. ते मुसलमानांवरही चालले. सिफ्फीनच्या लढाईनंतर (इ. स. ६५७) खारिजींनी प्रत्यक्ष पैगंबरांचे जावई हजरत अली यांना काफिर ठरवले, ६६१ मध्ये त्यांच्यापैकीच एकाने अलींचा प्राण घेतला. आधुनिक शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या सर सय्यद अहमद खान यांच्यावरही कुफ्रचे फतवे निघाले.

म्हणून माझे मत असे की, कोणाच्या अंतःकरणात काय आहे याचा निवाडा माणसाने करू नये. इंडोनेशियातील 'नहदतुल उलमा' या मोठ्या धार्मिक संघटनेच्या उलेमांनी २०१९ मध्ये ठरवले की, राष्ट्राच्या व्यवहारात मुस्लिमेतरांना काफिर न म्हणता नागरिक म्हणावे. त्यांनी धर्मग्रंथ बदलला नाही. शेजाऱ्याला हाक मारण्याची रीत तेवढी बदलली.

मित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर उशिरा देतो आहे. आमच्या घरात तुला तुझ्या नावानेच हाक मारतील. मात्र माझ्याकडे पाहताना तूही 'तुम्ही लोक' हे दोन शब्द तेवढे बाजूला ठेव.