जाळे कुणाचे, ओझे कुणाचे?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कार्पेंटेरियाचे आखात आहे. पावसाळ्यात वायव्येचे वारे सुटले, की अराफुरा समुद्रात तुटलेली वा टाकून दिलेली नायलॉनची जाळी या आखाताच्या किनाऱ्यावर येऊन पडतात. मच्छीमार निघून गेला तरी ती मासे धरीतच राहतात, म्हणून त्यांना 'भुताची जाळी' म्हणतात. यांतली फारच थोडी ऑस्ट्रेलियन बोटींची. बहुतेक परदेशी बोटींची. ती उपसण्याची पाळी मात्र येते किनाऱ्यावरच्या आदिवासींवर.

अर्नहेम लँडमधील योल्नू लोकांनी १९९२ मध्ये 'धिमुरु' ही संस्था स्थापन केली. तिचे रेंजर वाळूत रुतलेली जाळी कापतात, गाडीला बांधून ओढून काढतात. २००४ पासून 'घोस्टनेट्स ऑस्ट्रेलिया'ने अशा अनेक आदिवासी गटांना एकत्र आणले. पुढे बाहेरचे स्वयंसेवकही मदतीला आले. योल्नूंच्या दृष्टीने हा नुसता कचरा नव्हे. समुद्री कासव हे त्यांचे अन्न आहे आणि त्यांच्या परंपरेचा भागही. जगातील सात जातींच्या समुद्री कासवांपैकी सहा या पाण्यात आढळतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, तपासलेल्या ८,६९० जाळ्यांत मिळून ४,८६६ ते १४,६०० कासवे अडकली असावीत.

ऑस्ट्रेलियन सरकारने २०२१ मध्ये या कामासाठी १ कोटी ४८ लाख डॉलर जाहीर केले. हे योग्यच झाले. पण किनारा झाडून समुद्र स्वच्छ होत नाही. जाळे खडकात अडकते, दुसऱ्या बोटीच्या जाळ्यात गुंतते. फाटलेले जाळे बंदरावर आणून टाकावे, तर तशी सोय नसते. चोरटी मासेमारी करणारा तर पाठलाग होताच जाळे तोडून पळतो. यातले एकही कारण किनाऱ्यावर दूर होणारे नाही.

मच्छीमाराला दोष देणे सोपे असते. पण जाळे ही त्याची पुंजी आहे. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये हे ओळखले. कासवासारखा संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि त्याला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर कमाल २५ हजार रुपये भरपाई देण्याचे ठरले. प्रश्न वेगळा असला, तरी त्यामागचा विचार इथेही लागू पडतो. योग्य वागणाऱ्याचे नुकसान होता कामा नये. जुने जाळे परत आणणाऱ्याला चार पैसे मिळाले, तर ते समुद्रात कोण टाकील?

तोवर रेंजरांना दर पावसाळ्यानंतर त्याच किनाऱ्यावर पुन्हा जावे लागेल.