पाना आणि पुस्तक

श्रीमंतांच्या शौकाशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण या शौकात एक धडा आहे. १९८९ साली निघालेली निस्सानची स्कायलाईन जीटी-आर ही वेगवान जपानी मोटार कंपनीने अमेरिकेत विकलीच नाही. पंचवीस वर्षे जुनी मोटार आयात करायला तिथला कायदा मोकळीक देतो. म्हणून २०१४ पासून शौकिनांनी ती जपानहून आणवली. पण जवळपास तिचा जाणकार मेकॅनिक नाही, दुकानात सुटे भाग नाहीत. मग कित्येक मालक स्वतःच पुस्तिका उघडतात, भागाचा क्रमांक पडताळून तो जपानहून मागवतात आणि गाडीखाली शिरतात.

आपल्याकडे? माझे वडील शेतावरचे इंजिन स्वतः खोलतात, पण मी पाना उचलला की म्हणतात, "तू शिकतोयस, हात काळे करू नकोस." त्यांची माया कळते, विचार पटत नाही. क्रमांक वाचायला विद्या लागते, तसा बोल्ट किती आवळायचा हे कळायला हात लागतो.

अर्थात, भागच मिळाला नाही तर हात काय करणार? २०१७ साली निस्सानने या जुन्या मोटारीचे काही भाग पुन्हा विक्रीस काढले. हा उपकार नव्हे, विकणाऱ्याचे कर्तव्यच. आणि पाना हाती धरणे हे शिकणाऱ्याचे!