असमान बळाचे शेजारी आणि अण्वस्त्र-संयम

भारत आणि पाकिस्तान यांनी १ जानेवारी २०२५ रोजी आपापल्या अणुआस्थापनांच्या याद्या परस्परांना सादर केल्या. १९९२ पासूनची ही सलग चौतिसावी देवाणघेवाण होती. अणुआस्थापनांवर हल्ला न करण्याचा हा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी झाला. कारगिलचा संघर्ष आणि मुंबईवरील हल्ला यांनंतरही त्यात खंड पडला नाही, ही बाब उल्लेखनीय आहे. अण्वस्त्रांच्या संख्येवर मर्यादा घालणारा करार मात्र उभय देशांत कधीच होऊ शकला नाही.

याचे मूळ असमानतेत आहे. पण ती अण्वस्त्रांची नव्हे. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानुसार भारताकडे सुमारे १८०, तर पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रे आहेत. खरी तफावत पारंपरिक सैन्यबळाची आणि अर्थव्यवस्थेची आहे, आणि ती भरून काढण्यासाठीच पाकिस्तानला अण्वस्त्रे हवी आहेत. त्यामुळे भारताने २००३ मध्ये अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचे धोरण अधिकृतपणे जाहीर केले, तरी पाकिस्तानने तसे वचन दिले नाही. उलट २०११ मध्ये ‘नस्र’ या अल्प पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. पाकिस्तानच्या १९९८ मधील सामरिक संयमाच्या प्रस्तावात पारंपरिक सैन्याच्या समतोलाचाही आग्रह होता. भारताला तो मान्य होणे शक्य नव्हते, कारण त्याची संरक्षणसिद्धता केवळ पश्चिम सीमा पाहून ठरत नाही. ‘सिप्री’च्याच अंदाजानुसार चीनकडे किमान ६०० अण्वस्त्रे आहेत, आणि अमेरिकेचा साठा कितीतरी मोठा असल्याचे सांगत चीनही अशा वाटाघाटी टाळत आला आहे!

उरते ते अपघात आणि गैरसमज टाळण्याचे क्षेत्र. बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचा करार २००५ मध्ये, तर अण्वस्त्रांशी संबंधित अपघातांविषयीचा करार २००७ मध्ये झाला. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातील मियाँ चन्नूजवळ कोसळले. ते क्रूझ जातीचे होते, त्यावर अण्वस्त्र नव्हते, आणि ती चाचणीही नव्हती. साहजिकच दोन्ही करार त्याला लागू झाले नाहीत. भारताचे अधिकृत निवेदन ११ मार्चला आले. दोन दिवसांचा हा अवधी शांततेच्या काळात निभावला. मे २०२५ सारख्या संघर्षात तो निभावला असता, असे म्हणणे कठीण आहे. क्रूझ क्षेपणास्त्रांना या व्यवस्थेत आणल्याने दोघांपैकी कोणाचेही बळ घटणार नाही. त्यासाठी सैन्याच्या समतोलाचा जुना वाद मिटण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.